अणू कोणी पाहिला नाही, मग त्याच्या आत काय आहे हे कळलं कसं?

झेडपीची_ताई
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावकडच्या एका खेड्यात सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. आठवीत अणूच्या रचनेचा धडा आहे. फळ्यावर मधोमध ठिपका काढला, भोवती गोल काढले, गोलांवर इलेक्ट्रॉन मांडले. मुलांनी वहीत आकृती हुबेहूब उतरवून घेतली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, हे कोणी पाहिलं?" म्हटलं, कोणीच नाही. तर ती म्हणाली, "मग कसं काढलं?"

तास संपला, पण प्रश्न तसाच राहिला. आपण मुलांना उत्तर पाठ करायला देतो, ते उत्तर आलं कुठून हे सांगतच नाही. सोडियमची मांडणी २, ८, १ अशी लिहिणारी मुलं या प्रश्नाला गप्प होतात. मला पुढचे चार-पाच तास फक्त यावरच घ्यायचे आहेत: कोणी काय मोजलं आणि त्यावरून काय ठरलं. इथे जाणकार आहेत. खेड्यातल्या शाळेत दाखवता येईल असं सुचवा. आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आहे.

परतवाडा_रसायन
ताई, प्रश्न फार मोलाचा आहे. सुरुवात अणूच्या पोटापासून करू नका. अणू आहेत हे तरी कशावरून, तिथून करा. त्यासाठी लागणारी वस्तू तुमच्या गावात घरोघरी आहे: युरियाची रिकामी गोणी.

गोणीवर नत्र ४६ टक्के छापलेलं असतं. मुलांना युरियाचं सूत्र द्या: एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन. वस्तुमानं १२, १६, १४ आणि १. बेरीज १२ + १६ + २८ + ४ = ६०. त्यातला नायट्रोजन २८. अठ्ठावीस भागिले साठ, म्हणजे ४६.६७ टक्के. थोडा ओलावा आणि इतर द्रव्यं धरून गोणीवर ४६ येतं. युरिया कोणत्याही कारखान्यातला असो, देशातला असो की बाहेरून जहाजानं आलेला, शुद्ध युरियात हा आकडा हलत नाही. पदार्थ ठराविक वजनाच्या कणांनी बनलेले नसते तर प्रमाण असं बांधलेलं राहिलं असतं का?

जॉन डाल्टनने १८०३ पासून पुढे हाच विचार केला आणि १८०८ मध्ये पुस्तकात मांडला. त्याची भिस्त वजनकाट्यावर होती. १२ ग्रॅम कार्बनशी एका वायूत १६ ग्रॅम ऑक्सिजन जुळतो, दुसऱ्या वायूत ३२. बरोबर दुप्पट. मधलं २३ किंवा २७ कधी येत नाही. एकाला एक अणू, नाहीतर एकाला दोन. दीड अणू नाही. पहिला पुरावा हा, आणि तो तराजूतून आला.

पाण्याचं सूत्र मात्र डाल्टनने एकाला एक असंच धरलं होतं. हायड्रोजन दोन आहेत हे पक्कं मान्य व्हायला १८६० उजाडावं लागलं. हेही मुलांना सांगा.

काळं_वावर
सर, नमस्कार. मी शेतकरी मानूस, मायी पोरगी नववीत हाये. मी आत्ता उठून गोठ्यातली गोणी पाह्यली. ४६ लिहेल हाये. इतके वर्स झाले युरिया टाकून राह्यलो, पन हे ४६ कुठून येते ते कोनं सांगतलं नव्हतं. पोरीले हिशेब करून दाखवला. तिनं लगेच ४५ किलोच्या गोणीत नत्र किती ते काढलं, २०.७ किलो. आता मले हे सांगा, वजनावरून अणू हाये हे समजलं. पन त्याच्यात आनखी बारीक काही हाये हे काहून वाटलं लोकायले?

भौतिकी_नागपूर
दादा, नेमक्या जागी बोट ठेवलंत. आधी एक मधली गोष्ट. वजनाचा हिशेब जुळतो म्हणून अणू खरेच आहेत हे सगळ्यांनी मानलं नव्हतं. एर्न्स्ट माखसारखे मोठे शास्त्रज्ञ म्हणत की अणू ही हिशेबाची सोय आहे. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउनने परागकणांतून पाण्यात निघालेले बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली थरथरताना पाहिले होते. त्याचं गणित १९०५ मध्ये आइनस्टाइनने मांडलं: पाण्याचे रेणू चहूबाजूंनी आदळतात म्हणून कण हलतो, आणि किती हलतो यावरून रेणू किती आहेत ते मोजता येतं. पॅरिसमध्ये झाँ पेरँने १९०८ च्या सुमारास ते मोजून दाखवलं. तेव्हा कुठे वाद मिटला.

गंमत बघा, अणू आहे की नाही हा वाद चालू असतानाच अणूच्या आतला कण हाती लागला होता. १८९७, केंब्रिज, जे. जे. थॉमसन. काचेच्या नळीतली हवा जवळजवळ सगळी काढून घेतली आणि विजेचा मोठा दाब दिला की ऋण टोकाकडून किरण निघतात. थॉमसनने ते विजेने वाकवले, चुंबकाने वाकवले, आणि किती वाकतात त्यावरून प्रभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढलं. नळीतला वायू बदलला, आतल्या पट्ट्यांचा धातू बदलला, गुणोत्तर तेच. म्हणजे हा कण सगळ्याच पदार्थांत आहे. आजच्या मोजमापानुसार तो हायड्रोजनच्या अणूपेक्षा सुमारे १८३७ पट हलका. हाच इलेक्ट्रॉन.

अणूत ऋण कण आहे, पण अख्खा अणू तर उदासीन. मग धन भाग कुठे? थॉमसन म्हणाला, धनप्रभार अणूभर सारखा पसरलेला असेल आणि इलेक्ट्रॉन त्यात रुतलेले असतील. त्या वेळच्या माहितीला ते धरून होतं.

झेडपीची_ताई
सर, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी थांबले. "त्या वेळच्या माहितीला ते धरून होतं." मुलांना आपण थॉमसनचं प्रारूप चूक, रुदरफोर्डचं प्रारूप चूक असं सांगत जातो आणि त्यांना वाटतं ही माणसं अंदाज बांधत होती. मला वाटतं प्रत्येक आकृतीखाली साल लिहायलाच हवं, आणि तिच्याशेजारी ती आकृती कोणत्या मोजमापाने मोडली ते. आता रुदरफोर्डचं सविस्तर सांगा ना. पुस्तकात चार ओळी आहेत.

भौतिकी_नागपूर
सांगतो, कारण हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग आहे.

अर्नेस्ट रुदरफोर्ड न्यूझीलंडचा, खेड्यात वाढलेला. १९०७ पासून मँचेस्टरला प्राध्यापक. हाताशी हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडन. रेडियमपासून मिळणाऱ्या किरणोत्सारी वायूतून अल्फा कण निघतात. इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३०० पट जड, धनप्रभारित, आणि वेग सेकंदाला हजारो किलोमीटर. हे कण सोन्याच्या पातळ वर्खावर सोडायचे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ वर्ख, तरी त्यात अणूंचे हजारावर थर.

आता मोजायचं कसं? आजच्यासारखी यंत्रं नव्हती. झिंक सल्फाइड लावलेला एक छोटा पडदा, त्यावर अल्फा कण आदळला की बारीकशी ठिणगी चमकते. ती सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी पाहायची आणि मोजायची. खोली पूर्ण काळोखी. मोजणी सुरू करण्याआधी डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसून राहायचं. मग एक ठिणगी, दोन, तीन. डोळे थकले की दुसऱ्याने बसायचं. मुलांना हा भाग जरूर सांगा. शोध म्हणजे डोक्यात दिवा पेटणं असं त्यांना वाटतं. इथे माणसं अंधारात बसून ठिणग्या मोजत होती.

थॉमसनच्या चित्राप्रमाणे सगळे कण जवळपास सरळ पलीकडे जायला हवेत. धनप्रभार पसरलेला, म्हणजे कुठेच जोर नाही, आणि इलेक्ट्रॉन इतके हलके की अल्फा कणाला ते ढकलणार कसे? बहुतेक कण गेलेही सरळ. पण रुदरफोर्डने मार्सडनला पाहायला सांगितलं होतं की एखादा उलटा फिरतो का. आणि फिरत होते! १९०९ च्या त्यांच्या निबंधात प्लॅटिनमच्या पत्र्यासाठी आकडा आहे: साधारण ८००० मधला एक कण मागे वळतो.

एक म्हणजे नगण्य म्हणून सोडून देता आला असता. रुदरफोर्डने सोडला नाही. दीडेक वर्ष तो आकडा घेऊन बसला. छोट्या छोट्या धक्क्यांची बेरीज होऊन कण इतका वळू शकतो का? हिशेब सांगतो, नाही. मग एकाच धडकेत वळला पाहिजे. एका धडकेत वळायचा तर सगळा प्रभार आणि जवळजवळ सगळं वस्तुमान अगदी लहान जागेत कोंबलेलं हवं. त्याच जागेला आज केंद्रक म्हणतात. १९११ मध्ये त्याने हे मांडलं. त्याहून पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: त्याने सूत्र दिलं की कोणत्या कोनात किती ठिणग्या दिसतील, वर्खाची जाडी बदलली तर किती, कणांचा वेग कमी केला तर किती. गायगर आणि मार्सडन पुन्हा अंधारात बसले आणि १९१३ मध्ये आकडे जुळल्याचं छापलं. तुमच्या विद्यार्थिनीच्या "कसं काढलं?"चं उत्तर या मोजणीत आहे.

काळं_वावर
लहान जागा म्हंजे किती लहान?

झेडपीची_ताई
दादा, हे मी सांगते, कारण आज शाळेमागच्या वावरात हेच केलं. सोन्याच्या अणूचं केंद्रक तुरीच्या दाण्याएवढं, म्हणजे पाच मिलिमीटर धरलं, तर अणूची रुंदी होते शंभर मीटर. अडीच एकराचं चौकोनी वावर, या बांधापासून त्या बांधापर्यंत. मधोमध एका मुलाने दाणा हातात धरून उभं राहायचं, बाकीच्यांनी बांधावर जायचं. बांधावरून दाणा सोडा, धरणारा पोरगाच लहान दिसत होता. मग सांगितलं, या सगळ्याचं जे वजन, त्यातलं ९९.९ टक्क्यांहून जास्त त्या दाण्यात. एकाने विचारलं, "मग बाकीच्या वावरात काय?" इलेक्ट्रॉन म्हटलं. "ते केवढे?" इथे मी भौतिकीवाल्या सरांना विचारते.

भौतिकी_नागपूर
इलेक्ट्रॉनचा आकार अजून कोणत्याही प्रयोगात सापडलेला नाही, इतका तो लहान आहे. वावर सपाट आणि अणू गोळा, एवढा फरक मुलांना सांगा. आणि "बाकी सगळं पोकळ" असं ठासून सांगू नका. त्या जागेत इलेक्ट्रॉनचा वावर सगळीकडे पसरलेला असतो. हात टेबलातून आरपार जात नाही तो त्यामुळेच.

मेळघाट_मास्तर
चर्चा उत्तम चालू आहे. एक विचारतो. आपल्याकडे कणाद ऋषींनी परमाणू सांगितला होता, वैशेषिक दर्शनात तो आहे. मुलांपुढे त्याचा उल्लेख करावा की नाही? आमच्या गावात पालक आवर्जून विचारतात.

परतवाडा_रसायन
जरूर करावा, आदराने करावा. वस्तूचे तुकडे करत गेलं तर कुठेतरी थांबावं लागेल हा विचार कणादांनी केला, ग्रीसमध्ये डेमोक्रिटसने केला. तो तर्क होता, आणि थोर तर्क होता. पण परमाणूचं वजन किती, आकार किती, आत काय, हे तर्काने निघत नाही. त्यासाठी तराजू, नळी आणि वर्ख लागले. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी सांगितल्या की कोणाचाच मान कमी होत नाही.

लोणारकाठ
बुलढाणा जिल्ह्यातून लिहितोय. पश्चिम विदर्भाच्या मुलांसाठी एक उदाहरण सुचवतो. लोणारचं विवर किती जुनं हे अणूच्या केंद्रकावरून काढलंय. पोटॅशियम-४० चं केंद्रक फार सावकाश बदलतं, त्यातल्या काहींचा आर्गॉन-४० होतो. निम्मी केंद्रकं बदलायला सव्वाशे कोटी वर्षं लागतात. आघाताने खडक वितळला की जुना आर्गॉन निसटतो आणि घड्याळ नव्याने सुरू होतं. वितळून थिजलेल्या खडकातला आर्गॉन मोजून २०११ मध्ये वय आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. त्याआधी दुसऱ्या पद्धतीने ते पन्नास हजारांच्या आसपास धरलं जात होतं. सहल नेणार असाल तर तिथे उभं राहून सांगा.

झेडपीची_ताई
वा! ४० आणि ४०, वस्तुमान तेच आणि मूलद्रव्य वेगळं. हे समजायला प्रोटॉन आणि न्यूट्रॉन लागणार. ते थोडक्यात कोणी सांगाल का?

परतवाडा_रसायन
थोडक्यातच सांगतो. हेन्री मोजलीने १९१३-१४ मध्ये एकेका मूलद्रव्याचे क्ष-किरण मोजले आणि दाखवलं की आवर्तसारणीतला क्रमांक म्हणजे केंद्रकावरचा प्रभार. वजनाने कोबाल्ट निकेलपेक्षा किंचित जड, तरी सारणीत आधी का, याचं उत्तर मिळालं: कोबाल्टचा प्रभार २७, निकेलचा २८. मोजली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या युद्धात गेला, वय २७. फार मोठं नुकसान झालं विज्ञानाचं. पुढे रुदरफोर्डने नायट्रोजनवर अल्फा कण मारून हायड्रोजनचं केंद्रक बाहेर काढलं. त्याचंच नाव प्रोटॉन, १९२० पासून. तरी हेलियमचं वजन ४ आणि प्रभार २, हे उरतंच. जेम्स चॅडविकने १९३२ मध्ये प्रभार नसलेला न्यूट्रॉन शोधला आणि तो हिशेब पूर्ण झाला. पोटॅशियम-४० मध्ये १९ प्रोटॉन आणि २१ न्यूट्रॉन, आर्गॉन-४० मध्ये १८ आणि २२.

धामणगावची_आई
मी शिक्षिका नाही, पण मुलासोबत हा धागा रोज वाचते आहे. मघा "अणू कोणी पाहिला नाही" असं लिहिलंय. मुलगा म्हणतो मोबाइलवर अणूंचे फोटो आहेत. ते खोटे का?

भौतिकी_नागपूर
खोटे नाहीत, ताई. १९८१ मध्ये झुरिकला बिनिग आणि रोरर यांनी असं यंत्र केलं की त्याची अतिशय बारीक सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरते आणि सुई व पृष्ठभाग यांच्यामध्ये वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजते. त्या आकड्यांवरून संगणक चित्र बनवतो. १९८६ चं नोबेल त्यांना मिळालं. पण त्या चित्रात दिसतो तो अणूचा बाहेरचा, इलेक्ट्रॉनचा उंचवटा. आतलं केंद्रक त्यात दिसत नाही, आणि फळ्यावरचे गोल तर नाहीतच.

झेडपीची_ताई
फळ्यावरचे गोल! तिथेच यायचं होतं. ते गोल काढायचे की नाही?

भौतिकी_नागपूर
काढा, पण खाली १९१३ लिहा. तुमचीच सूचना.

रुदरफोर्डच्या अणूत मोठी अडचण होती. गोल फिरणारा प्रभार प्रकाश फेकत राहतो, ऊर्जा गमावतो. त्या हिशेबाने इलेक्ट्रॉन सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही शंभराव्या भागात केंद्रकात कोसळायला हवा. जगातली एकही वस्तू टिकली नसती. नील्स बोर म्हणाला, इलेक्ट्रॉनला ठराविक पायऱ्याच मोकळ्या आहेत, मधे थांबता येत नाही. वरच्या पायरीवरून खाली आला की तेवढ्याच फरकाचा प्रकाश बाहेर पडतो.

पुरावा? ताई, हा तुमच्या कपाटातल्या सामानात होतो. चमच्याच्या ओल्या दांड्याला मीठ लावून गॅसच्या निळ्या ज्योतीत धरा. ज्योत भडक पिवळी होते. सोडियमचा प्रकाश, ५८९ नॅनोमीटर, पृथ्वीवर कुठेही तोच. चमचा फडक्याने धरा, मुलांना लांब बसवा. नंतर जुनी सीडी घेऊन तिच्यात सीएफएल दिव्याचं प्रतिबिंब पाहायला लावा. रंगांचे वेगवेगळे पट्टे दिसतात. मग जुन्या पिवळ्या बल्बचं. तिथे सगळे रंग सलग.

आणि हे तर वहीत होतं. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला योहान बाल्मर नावाचे मुलींच्या शाळेत गणित शिकवणारे शिक्षक होते. १८८५ मध्ये, वयाच्या साठीत, त्यांनी हायड्रोजनच्या चार रंगरेषांसाठी एक सूत्र शोधलं. ३६४.५६ घ्या. त्याला न वर्ग भागिले (न वर्ग वजा ४) याने गुणा. न म्हणजे ३, ४, ५, ६. उत्तर नॅनोमीटरमध्ये. सूत्र का चालतं हे बाल्मरना माहीत नव्हतं, तेव्हा कोणालाच नव्हतं. अठ्ठावीस वर्षांनी बोरच्या पायऱ्यांमधून तेच सूत्र आपोआप बाहेर पडलं.

बोरचे गोलही टिकले नाहीत. एकाहून जास्त इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंचे आकडे त्यातून जुळेनात. १९२६ मध्ये श्रोडिंगरचं समीकरण आलं. गोल मार्ग गेले आणि इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच उरलं. ऊर्जेच्या पायऱ्या मात्र राहिल्या.

काळं_वावर
पोरीनं गुणाकार केले सर. ३ ले ६५६.२, ४ ले ४८६.१, ५ ले ४३४, ६ ले ४१०.१. मंग थे थांबलीच नाही. ७ टाकून ३९७ काढलं. इचारते, हा रंग खरंच हाये का?

भौतिकी_नागपूर
आहे! जांभळ्याच्या पार कडेला, डोळ्याला जेमतेम. बाल्मरनेही सातचा आकडा असाच काढला होता. तेव्हा त्यांच्या सहकाऱ्याने सांगितलं की ती रेषा आधीच मोजलेली आहे, आणि पांढऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशात त्यापुढच्याही सापडल्या आहेत. सगळ्या सूत्रात बसल्या.

काळं_वावर
आता ते म्हनते २ टाकलं त खाली शून्य येते. आन १ टाकलं त वजा १२१.५ येते. वजा प्रकाश कसा असन?

भौतिकी_नागपूर
दादा, तिला सांगा, दोनचं शून्य बरोबर आहे. हे सूत्र दुसऱ्या पायरीवर उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनचं. दोनवरून दोनवर उडीच होत नाही, म्हणून प्रकाश नाही.

आणि वजा १२१.५ खोडू देऊ नका. वजा याचा अर्थ उडी उलट दिशेची: पहिल्या पायरीवरून दुसरीवर चढायचं तर तेवढा प्रकाश आत घ्यावा लागतो. दुसरीवरून पहिलीवर उतरला की तोच बाहेर पडतो. ही रेषा अतिनील प्रकाशात आहे, आणि हवाच तो प्रकाश शोषून घेते, म्हणून निर्वात नळीत शोधावी लागली. अमेरिकेत थिओडोर लायमनला १९०६ मध्ये ती सापडली. मोजमाप १२१.६.